बदलीवर उतारा

बेगुनकोदर हे पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातले एक लहानसे रेल्वे स्टेशन आहे. झालदा आणि कोटशिला या दोन स्टेशनांच्या मध्ये ते येते आणि आज दक्षिण-पूर्व रेल्वेच्या रांची विभागात मोडते. ते १९६० साली सुरू झाले, १९६७ साली बंद पडले आणि २००९ साली पुन्हा उघडले. म्हणजे सात वर्षे नोकरी आणि त्यानंतर सलग बेचाळीस वर्षे रजा. सरकारी खात्यात लांब रजांचे एकाहून एक नमुने सापडतात, पण अख्ख्या इमारतीने इतकी लांब रजा घेतल्याचे उदाहरण विरळा. रजेचे कारणही तसेच वजनदार होते. स्टेशनात भूत होते.

हा भाग छोटा नागपूरच्या पठाराच्या कडेला येतो. जवळच अयोध्या पहाड, उताराउतारावर भाताची खाचरे, फाल्गुनात पेटल्यासारखे फुलणारे पळस आणि विरळ वस्ती. पुरुलियाचे छऊ नृत्य प्रसिद्ध आहे. अयोध्या पहाडाच्या पायथ्याशी चरिदा नावाचे गाव आहे, तिथे या नृत्याचे मुखवटे बनतात. बटबटीत डोळ्यांचे, सुळे बाहेर आलेले राक्षस घरोघरी ओळीने उन्हात वाळत असतात. ज्या मुलखातली माणसे असे राक्षस तोंडावर बांधून रात्रभर उड्या मारतात, तो मुलूख साध्या पांढऱ्या साडीतल्या एका भुताला घाबरला, हे जरा पचायला जड जाते. पुढचा इतिहास वाचताना ही शंका हाताशी ठेवावी, उपयोगी पडते.

पुरुलिया पूर्वी बिहारच्या मानभूम जिल्ह्यात होता. बंगाली भाषकांनी मोठे आंदोलन केले, हजारभर माणसे पायी कलकत्त्यापर्यंत चालत गेली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी पुरुलिया पश्चिम बंगालला जोडला गेला. त्याच दिवशी मराठी माणसाच्या पदरात द्विभाषिक मुंबई राज्य पडले होते आणि त्याची ओरड चालू होती, तेव्हा ही भावना मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. रेल्वे मात्र त्याच्या कितीतरी आधी इथे पोचली होती. पुरुलिया ते रांची हा अडीच फुटी अरुंद मार्ग १९०७ साली बंगाल-नागपूर रेल्वेने सुरू केला. या कंपनीने नागपूरचे नाव कलकत्त्यापर्यंत नेले. नागपूरकरांना याचा अभिमान असायला हरकत नाही, फक्त पुढे जे झाले त्याची जबाबदारी त्यांनी घेऊ नये.

एवढी वर्षे गाड्या समोरून जात होत्या, पण बेगुनकोदरला थांबत नव्हत्या. गाडी समोरून जाते आणि आपल्यासाठी थांबत नाही, हे दुःख गाडी अजिबात नसण्याच्या दुःखापेक्षा मोठे असते. संथाळांची राणी लछन कुमारी हिने रेल्वेकडे पाठपुरावा केला आणि १९६० साली स्टेशन झाले, असे सांगतात. स्टेशन झाले की गावाची पत वाढते. लग्नपत्रिकेत ‘रेल्वे स्टेशन’ अशी एक ओळ घालता येते, जावयाला बैलगाडीचे कारण सांगता येत नाही आणि शहरात नोकरीला गेलेल्या मुलाला ‘यायला जमलं नाही’ असे सहजासहजी लिहिता येत नाही. गावाला स्टेशन हवे होतेच. प्रश्न फक्त ते चालवायला कोण जाणार, एवढाच होता.

त्या काळी आडबाजूचे स्टेशन म्हणजे काय, हे प्रवाशाला गाडीतून कळत नसे. त्याला दिसतो एक फलाट, एक पिवळी पाटी आणि हिरवा झेंडा धरून उभा असलेला एक गंभीर मनुष्य. त्या मनुष्याला मागच्या आणि पुढच्या स्टेशनशी सतत बोलणे ठेवावे लागते. मागच्याने गाडी सोडायची परवानगी मागायची, याने ‘लाइन क्लिअर’ द्यायचा, मग पुढच्याकडून आपण घ्यायचा. यंत्राची घंटी वाजली की उठायचे, टोकन हातात घ्यायचे, पॉइंट्समनला हाक मारायची, सिग्नल पडला का पाहायचा, गाडी गेली की शेवटच्या डब्याचा लाल दिवा पाहून वहीत वेळ लिहायची. दिवसा हे काम सोपे असते. रात्री अडीच वाजता मालगाडीची घंटी वाजते. खोलीत रॉकेलचा दिवा असतो, काचेवर पतंग आपटत असतात, चहाच्या भांड्यात मुंगी तरंगत असते आणि बाहेर मैलभर फक्त रातकिडे. पॉइंट्समनला हाक मारली की तोही दुसऱ्या टोकाकडून विचारतो, “कोण?” अशा वेळी माणसाला भूत दिसले नाही, तरच आश्चर्य मानावे.

म्हणून अशा जागी बदली झाली की सरकारी नोकर प्रथम कपाळाला हात लावतो आणि मग कामाला लागतो. हे काम बदलीच्या जागी जाऊन करायचे नसते, बदली रद्द करून घेण्याचे असते. त्याचे चार रूढ उपाय आहेत. पहिला, मेडिकल सर्टिफिकेट. ते पंधरा दिवस टिकते आणि पाठदुखीचा माणूस सोळाव्या दिवशी बाजारात पिशवी उचलताना साहेबाला दिसतो. दुसरा, आईचे आजारपण. पण आया चिवट असतात, त्या बऱ्या होतात. तिसरा, वरून आणलेली चिठ्ठी. ही जालीम असते, पण वरचा माणूस निवडणुकीत पडला की चिठ्ठीसकट आपणही पडतो. चौथा, पती-पत्नी एकत्रीकरण. यात धोका असा, की अर्ज मंजूर होऊन दोघांनाही त्याच आडगावी पाठवतात आणि मग उरलेले आयुष्य एकमेकांना दोष देण्यात जाते.

या चारही उपायांत एक समान उणीव आहे. ते फक्त एका माणसाला उपयोगी पडतात. संपूर्ण कर्मचारीवर्गाला, कायमस्वरूपी, कोणताही कागद न जोडता लागू पडेल असा उपाय १९६७ पर्यंत कोणाला सापडलेला नव्हता.

१९६७ हे वर्ष बंगालमध्ये धामधुमीचे होते. राज्यात पहिल्यांदाच काँग्रेसेतर सरकार आले आणि नक्षलबारीत उठाव झाला. त्याच वर्षी बेगुनकोदरच्या स्टेशनमास्तराला रात्री रुळांवर पांढऱ्या साडीतली बाई दिसली, असे सांगतात. आधीच्या दोन घटनांवर जाड जाड ग्रंथ निघाले. तिसरीवर एक ओळही लिहावी लागली नाही आणि स्टेशन बंद झाले. परिणामकारकता यालाच म्हणतात.

कथेच्या आवृत्त्या पुष्कळ आहेत. एका आवृत्तीत बाई रुळांवरून चालत असते, दुसरीत फलाटावर नाचते, तिसरीत धावत्या गाडीच्या बरोबरीने पळते आणि मनात आले तर गाडीला मागे टाकते. ती पूर्वी याच रुळांवर मेली म्हणून परत येते, असा खुलासाही जोडलेला असतो. मास्तरांचे पुढे काय झाले याबाबत सर्वसाधारण एकमत असे, की त्यांनी ती बाई पाहिली, सगळ्यांना सांगितले आणि लवकरच ते वारले. काही आवृत्त्यांत त्यांच्याबरोबर क्वार्टरमधले सगळे कुटुंबही जाते. सांगणारा जितका लांबचा, तितकी मृतांची संख्या जास्त. कोलकात्यापर्यंत पोचेतो क्वार्टरमध्ये कोणी शिल्लक राहत नाही.

शास्त्राच्या दृष्टीने यात एक अडचण आहे. बंगाली भूतशास्त्र अत्यंत शिस्तीचे आहे. अविवाहित बाईची पेत्नी होते, सौभाग्यवतीची शाकचुन्नी होते आणि ती हातात शंखाच्या बांगड्या घालते. ब्राह्मणाचा ब्रह्मदैत्य होतो. माशांच्या वासाने मागे लागणारा मेछो भूत तर बंगालखेरीज कुठे जन्मालाच येऊ शकला नसता. रेल्वेखाली मरणाऱ्यांसाठीही स्वतंत्र तरतूद आहे. ज्यांचे मुंडके गाडीखाली तुटते, त्यांचा स्कंधकाटा होतो आणि तो स्वतःचे डोके शोधत फिरतो. आपल्याकडच्या हडळ, मुंजा, समंध, खवीस या मंडळींमध्ये रेल्वेचे स्वतंत्र खाते नाही, बंगालने ते केव्हाच उघडले आहे. बेगुनकोदरची बाई मात्र नियमाप्रमाणे स्कंधकाटा न होता सरसकट पांढरी साडी नेसून आली. जाणकाराला इथेच संशय यायला हवा होता. ज्याने हे भूत प्रथम सांगितले, त्याचा भुतांचा अभ्यास बेताचा असावा, किंवा त्याला घाई असावी.

भुतांवर लिहिणारे बहुतेक लेखक दिवसा, पंख्याखाली आणि दाराला कडी लावून लिहितात. प्रस्तुत लेख त्याला अपवाद नाही. त्यामुळे रात्रीच्या ड्यूटीवरच्या माणसाला भित्रा म्हणण्याचा अधिकार इथे कोणी घेत नाही. फक्त भुताची बातमी फलाटावरून वरच्या कार्यालयात कशी पोचली असेल, याची कल्पना करता येते.

“तुमची ऑर्डर निघाली आहे. बेगुनकोदर.”

“साहेब, तिथे भूत आहे.”

“तुम्ही पाहिलं?”

“ज्यांनी पाहिलं ते वारले, साहेब.”

“आणि ज्यांनी नाही पाहिलं?”

“त्यांनी अजून पाहायचं आहे, साहेब. म्हणूनच कोणी जायला तयार नाही.”

या युक्तिवादाला फाइलवर उत्तर नाही. ‘भूत नाही’ असा शेरा मारावा, तर साहेबांनी एक रात्र मुक्काम करून दाखवावा अशी नम्र विनंती येणार. ‘भूत आहे’ असा शेरा मारावा, तर त्याचा बंदोबस्त कोणत्या विभागाने करायचा हा प्रश्न. इंजिनिअरिंग म्हणणार, आमचे रूळ ठीक आहेत. ऑपरेटिंग म्हणणार, आमच्या वेळापत्रकात बसत नाही. रेल्वे पोलिस म्हणणार, तिकीट नसेल तर दंड करू, पण ती गाडीत बसतच नाही. तपासणीसाठी पाठवलेला निरीक्षक सकाळच्या गाडीने जातो, फलाटावर उभा राहून चहा पितो, सर्व काही सामान्य असल्याचे लिहितो आणि दुपारच्या गाडीने परत येतो. भूत रात्रपाळीचे आणि तपासणी दिवसपाळीची, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही.

अखेर कर्मचारी मिळेना म्हणून स्टेशन बंद झाले. रूळ मात्र तिथेच होते, त्यामुळे गाड्या जातच राहिल्या. बेगुनकोदर जवळ आले की ड्रायव्हर वेग वाढवतो आणि प्रवासी खिडक्या खाली ओढून घेतात, अशी ख्याती झाली. भारतीय रेल्वेत खिडकी उघडी की बंद या प्रश्नावरून दर डब्यात एक भांडण असते. त्यात वारा हवा असलेला एक पक्ष, मानेला वारा लागतो म्हणणारा दुसरा आणि ‘माझ्या बाळाला सर्दी आहे’ म्हणणारा तिसरा. या तिन्ही पक्षांचे एकमत देशात बहुधा याच एका ठिकाणी होत असावे.

गाडीला मागे टाकणाऱ्या भुताच्या वेगाचेही कौतुक झाले. ज्याने सिंगल लाइनवरची पॅसेंजर जवळून पाहिली आहे, त्याला हे कौतुक थोडे अवाजवी वाटेल. क्रॉसिंगसाठी अर्धा तास उभ्या असलेल्या पॅसेंजरला मागे टाकायला मरावे लागत नाही, शेळ्या राखणारे पोरही टाकते. पण ‘पॅसेंजर हळू होती’ असे कोणी घरी जाऊन सांगत नाही. ‘बाई गाडीपुढे पळत होती’ हे सांगितले की दुसरा चहा मिळतो.

या सगळ्या व्यवहारात प्रत्येकाची सोय झाली. कर्मचाऱ्यांची नेमणूक टळली, ड्रायव्हरला एक थांबा कमी झाला, खात्याचा पगार वाचला, सांगणाऱ्याला गोष्ट मिळाली. गैरसोय झाली ती फक्त तिकीट काढून गाडीत बसू इच्छिणाऱ्या माणसाची. त्याला आता झालदा किंवा कोटशिला गाठणे भाग होते. आजारी म्हातारी, कॉलेजला जाणारी पोरे, भाजीची टोपली, कोर्टाची तारीख, सगळे त्याच वाटेने. भुताला घाबरायचे कोणी आणि चालायचे कोणी, याची वाटणी नेहमीप्रमाणे झाली.

“स्टेशन तर घरासमोर आहे की तुमच्या.”

“आहे ना. पण गाडी पकडायला दुसऱ्या स्टेशनावर जावं लागतं.”

नव्या पाहुण्याला हे समजावून सांगण्यात गावाच्या दोन पिढ्या गेल्या.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गावकऱ्यांनी समिती स्थापन केली आणि स्टेशन उघडण्याची मागणी लावून धरली. भूतप्रेत हा विषय या समितीच्या दृष्टीने गौण होता. त्यांना गाडी हवी होती. ती भुतासह मिळाली असती, तरी त्यांनी बहुधा तक्रार केली नसती. जिथली माणसे त्या मोकळ्या इमारतीशेजारून रोज अंधारात शेतावरून घरी येत होती, तिथे भुताची भीती बाहेरगावच्या लोकांनाच जास्त होती.

पुढे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे खासदार वासुदेव आचार्य यांनी या प्रकरणात लक्ष घातले. ते याच भागातले, बांकुऱ्यातून वर्षानुवर्षे निवडून आलेले आणि रेल्वेविषयक संसदीय स्थायी समितीचे अध्यक्षपद सांभाळलेले. त्यांचे निदान साधे होते. तिथे नेमणूक नको म्हणून रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनीच ही कथा रचली, असे त्यांनी सांगितले. कामगार चळवळीतून आलेला नेताच हे म्हणतो, तेव्हा त्याला वजन असते. बदली टाळण्याच्या कलेतील बारकावे ज्याच्याकडे रोज सकाळी अर्जांच्या रूपाने येतात, त्याला भूत आणि अर्ज यांतला फरक कळतोच.

२००९ साली ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना स्टेशन पुन्हा उघडले. बंगालच्या राजकारणात मार्क्सवादी पक्ष आणि ममताबाई यांचे कोणत्याही विषयावर एकमत होत नसे. दोघांचे एकमत घडवून आणणे हे काम त्या पांढऱ्या साडीतल्या बाईने केले, ही तिची सार्वजनिक जीवनातली सर्वांत मोठी कामगिरी म्हणावी लागेल.

स्टेशन उघडले तरी भुताची कीर्ती बंद पडली नाही. आता वर्तमानपत्रे, दूरचित्रवाणी आणि मोबाइलवाले आले. देशातल्या ‘झपाटलेल्या’ ठिकाणांच्या याद्या छापल्या जाऊ लागल्या आणि त्यांत बेगुनकोदर मानाने बसले. पूर्वी माणसे भूत आहे म्हणून तिथे जात नसत, आता त्याच कारणासाठी मुद्दाम जाऊ लागली. शहरातली तरुण मंडळी रात्री गाडी काढून येतात, फलाटावर उभे राहून मोबाइलचा दिवा हनुवटीखाली धरतात, कुजबुजत व्हिडिओ काढतात आणि कुत्रे भुंकले की पहिल्यांदा तोच पळतो, ज्याने येताना सर्वांत जास्त शौर्य सांगितलेले असते.

“काही दिसलं का रे?”

“दिसलं नाही, पण जाणवलं.”

जाणवणे ही फार सोयीची गोष्ट आहे. तिचा फोटो काढावा लागत नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये पश्चिम बंग विज्ञान मंचाच्या कार्यकर्त्यांनी या प्रकाराची तपासणी केली. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे लोक जे करतात, तेच काम. टॉर्च, कॅमेरा, होकायंत्र अशी सामग्री घेऊन ते कडाक्याच्या थंडीत मध्यरात्री स्टेशनात थांबले. भूत आले नाही. त्याऐवजी झुडपांच्या आडून आवाज काढणारी काही माणसे त्यांना आढळली आणि टॉर्चचा झोत तिकडे वळताच ती पळाली. येणाऱ्या पर्यटकांना घाबरवण्याचा हा उद्योग असल्याचे मंचाचे म्हणणे पडले. म्हणजे पन्नास वर्षांत भुताच्या कारभारात मोठी सुधारणा झाली होती. १९६७ साली ते काम टाळण्यासाठी होते, २०१७ पर्यंत त्यातून रोजगार निर्माण झाला. टॉर्च पाहून पळणारे हे भूत मूळच्या गाडीला मागे टाकणाऱ्या भुताइतके वेगवान होते का, याची मोजणी मात्र मंचाने केली नाही.

मंचाच्या निष्कर्षाचा श्रद्धावंतांवर फारसा परिणाम झाला नाही. इतकी माणसे, इतके दिवे आणि इतकी यंत्रे घेऊन गेल्यावर कोणते स्वाभिमानी भूत बाहेर येईल, असे त्यांचे म्हणणे. भूत दिसले तर ते आहे याचा पुरावा आणि न दिसले तर ते लाजाळू आहे याचा. हा युक्तिवाद अनेक सरकारी योजनांच्या बाबतीतही चालतो, त्यामुळे त्याला एकट्या बेगुनकोदरचे वैशिष्ट्य म्हणता येणार नाही.

स्टेशनाचा सध्याचा दर्जा हॉल्टचा आहे. रेल्वेच्या नियमांत ज्या स्टेशनांवर लाइन क्लिअर दिला-घेतला जातो, ती ब्लॉक स्टेशने, आणि त्यांचे ए, बी, सी असे वर्ग असतात. जिथे गाडी फक्त थांबते आणि सुटते, ती डी वर्गात. हॉल्टवर स्टेशनमास्तर नसतो, टोकन नसते, रात्री अडीच वाजता वाजणारी घंटी नसते. तिकिटे विकायला खासगी माणूस नेमलेला असतो. तो जवळच्या स्टेशनातून तिकिटे आणतो, विकतो आणि कमिशन घेतो. अंधार पडल्यावर बेगुनकोदरला कोणी थांबत नाही, असे आजही सांगितले जाते. भुताच्या कीर्तीला हे पूरक असले, तरी ज्याचे पोट तिकिटांच्या कमिशनवर आहे, तो गाडी गेल्यावर रिकाम्या फलाटावर बसून करणार काय, हेही लक्षात घेतले पाहिजे.

या व्यवस्थेचा मोठा लाभ प्रशासकीय आहे. हॉल्टवर रेल्वेचा कायम कर्मचारी नेमावा लागत नाही. नेमणूक नाही म्हणून बदली नाही, आणि बदली नाही म्हणून रेल्वेच्या कोणत्याही नोकराला बेगुनकोदरला भूत दिसण्याची आता गरज उरलेली नाही.